पाच उडवून कळव

एकलाका, मोंटाना
६ सप्टेंबर १९९४

प्रिय हॅल्वर,

फोन करून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. गेल्या वेळी मी अर्धा तास ओरडत होते आणि शेवटी तू विचारलंस, "कोण बोलतंय?" चाळीस वर्षं तू कानात बोळे न घालता बंदुका उडवल्यास, त्याचं हे फळ. म्हणून पत्र.

मी अर्विडच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. मागच्या खोलीतलं, कपडे धुवायच्या मशीनशेजारचं टेबल. मार्चमध्ये तो गेला तेव्हापासून मी त्यावर नुसते धुतलेले कपडे ठेवत होते. परवा ते उचलले. काडतुसं भरायचं सगळं सामान जिथल्या तिथं आहे, फक्त धूळ आहे.

कारण सांगते. सिग्ने आता कायमची घरी आली आहे. नवऱ्याला बिलिंग्जला सोडून आली, अडतिसाव्या वर्षी, दोन बॅगा आणि एक कुत्रं घेऊन. शाळेची बस चालवते. तिला या हंगामात हरणाला जायचंय आणि तेही बापाची रायफल घेऊन. दुसरी नको म्हणते. तुला माहीत आहे, तुमच्या बाबांनी तुम्हा दोघांना सारख्याच घेतलेल्या त्या दोन रायफलींची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली त्याला वीस वर्षं झाली. घरी भरल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि तुला हेही माहीत आहे की गेल्या नोव्हेंबरात त्याच रायफलीने अर्विडचा उजवा डोळा नेला. माइल्स सिटीच्या बंदूकवाल्याने ती दुरुस्त केली. तो म्हणाला, "बाई, रायफल निर्दोष आहे. दाब काडतुसात जास्त झाला असणार." का झाला, ते त्याला कसं सांगता येईल? त्यानंतर अर्विड या खोलीत कधी आलाच नाही. दारातूनसुद्धा डोकावला नाही. पण जायच्या आधी आठवडाभर त्याने मला जवळ बसवून सांगितलं, "रायफल सिग्नेला दे. पण काय चुकलं होतं ते आधी शोध. शोधल्याशिवाय देऊ नकोस." मी हो म्हटलं. हंगाम तेवीस ऑक्टोबरला उघडतो.

तर पहिली अडचण. जुनं पितळी कवच मी स्वच्छ पुसून कोरडं केलं, प्रेसमध्ये ठेवलं आणि दांडा खाली ओढला. कवच वर डायमध्ये, त्या पोलादी साच्यात, गेलं ते तिथंच बसलं. दांडा वर करायला लागले तर कवचाची कड फाटून खाली आली आणि बाकीचं आत. आता ते ना वर जातंय ना खाली. सिग्ने म्हणते, "आई, तू तासाभरात यंत्र मोडलंस." मोडलं का?

टेबलासमोरच्या भिंतीवर, अर्विडची काडतुसं उडवून पाहून तू लिहिलेलं गेल्या वर्षीचं कार्ड अजून टाचणीने लावलेलं आहे. माझा धीर त्यावर आहे. तू सांगशील तसं करीन.

मर्ना

—

बफेलो, वायोमिंग
१३ सप्टेंबर

मर्ना,

यंत्र मोडलेलं नाही. कोरडं कवच डायमध्ये घालतं का कोणी? अर्विडने हे पाहिलं असतं तर हसून खुर्चीवरून पडला असता. सगळ्यांचंच पहिलं कवच अडकतं. माझंही अडकलं होतं, तेव्हा बाबांनी मला दोन दिवस नावाने हाक मारली नाही.

असं कर. डाय प्रेसमधून काढ. तिच्या मधली सळई आधी सैल करून वर घे, नाहीतर तिच्या टोकाची सुई मोडशील. मग डाय उलटी करून व्हाइसमध्ये धर. कवचाच्या बुडाला भोक पाड, भोकात आटे पाड. वर एक मोठा नट ठेव, त्यातून बोल्ट घाल आणि पान्याने आवळत जा. कवच मुकाट्याने वर येईल. पुढच्या वेळी प्रत्येक कवचाला वंगण लाव, बोटाला लागेल न लागेल एवढंच. जास्त लावलंस तर कवचाच्या खांद्याला पोचे पडतात.

आता दुसरं. तू हे सगळं करूच नयेस असं मला वाटतं. तू एकाहत्तरची आहेस, मी चौऱ्याहत्तरचा. काय चुकलं ते मी सांगतो, जुनं पितळ. दहा दहा वेळा भरलेलं. पितळ थकतं आणि एक दिवस फुटतं. शोधायला दुसरं काही नाही. ते टेबल विकून टाक, सामान कोणाला तरी देऊन टाक. सिग्नेला दुकानातल्या काडतुसांची एखादी साधी रायफल घेऊ दे. हवं तर मी पाठवतो.

ते कार्ड काढून टाक. जुने कागद भिंतीवर कशाला?

इथे पहिलं बर्फ पडलं, लगेच वितळलं. गुडघे नेहमीसारखे.

हॅल्वर

—

एकलाका
२१ सप्टेंबर

प्रिय हॅल्वर,

निघालं. सिग्नेने भोक पाडलं, मी नट शोधला. गवत ओढायच्या दाताळ्याचा होता, अगदी बसला. दहा मिनिटं आवळत होते आणि मग कवच 'टक्' करून बाहेर आलं. सिग्नेने ते खिडकीत ठेवलंय, बक्षिसासारखं. आता वंगण लावून तीस कवचं केली, एकही अडकलं नाही. माझे खांदे मात्र अडकले आहेत. चहाचा कप उचलताना कण्हते.

तू अक्षर इतकं मोठं काढायला कधीपासून लागलास? चार ओळीत पान संपतं. शाई स्वस्त झाली का वायोमिंगमध्ये?

दुसरी अडचण. ठिणगी देणाऱ्या त्या इवल्या टोप्या कवचाच्या बुडात बसत नाहीत. काही अर्ध्यावर थांबतात, बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. एक तर वाकडी होऊन चेपली. मी जोर लावायला गेले तर सिग्ने भिंतीला चिकटून उभी राहिली, म्हणाली, "आई, ती फुटायलाच बनवलेली असते, तिला कणीक तिंबल्यासारखं दाबू नकोस." तेव्हा थांबले.

आता खरं विचारायचंय ते. फडताळात अर्विडने भरलेला शेवटचा डबा आहे, गेल्या ऑगस्टातला. चौदांपैकी अकरा काडतुसं उरली आहेत. सिग्नेचं म्हणणं, हा एवढा खटाटोप कशाला, बाबांनी भरलेली आहेत तीच नेते. इथे प्रत्येक भरणारा एक नियम पाळतो, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या मित्राचं असलं तरी नाही. तुम्ही दोघा भावांनीच तो एकमेकांपुरता मोडला होता. दर सप्टेंबरात एकेक डबा इकडून तिकडे, आत कार्ड, "पाच उडवून कळव." सिग्ने म्हणते, बाप काही दुसरा होत नाही.

तू म्हणतोस जुनं पितळ. पण हा डबा नव्या पितळाचा होता, हॅल्वर. अर्विडने ते मुद्दाम मागवलं होतं, मला आठवतंय, कारण त्याच महिन्यात मी नवे पडदे मागितले होते आणि ते आले नाहीत. मग पितळ कसं थकेल?

अजून एक. ऑक्टोबरात त्याने यातली दोन मागच्या टेकाडावर उडवून पाहिली होती. घरी आला तो, उडालेलं कवच काढायला रायफलीचा बोल्ट ओढून ओढून दुखलेलं मनगट चोळत. म्हणाला, "बोल्ट घट्ट लागतोय गं." इथे टेबलाशी येऊन उभा राहिला, तुझं कार्ड पुन्हा वाचलं. 'नेहमीसारखीच. पाचही एका बशीत.' पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत, हे वाचून तो हसला आणि म्हणाला, "हॅल्वरला बोल्ट घट्ट लागला नाही. म्हणजे माझीच मनगटं गेली." तुझ्या शब्दावर त्याचा असा विश्वास होता. म्हणून ते कार्ड मी काढणार नाही.

तर ती अकरा तिला देऊ का?

मर्ना

—

बफेलो
२६ सप्टेंबर

मर्ना,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहितो आहे. टपालगाडी अजून गेलेली नाही.

ती अकरा देऊ नकोस. एकही नाही. आजच्या आज कुलपात टाक आणि किल्ली स्वतःकडे ठेव. सिग्नेला सांग, काकाने हात जोडून सांगितलंय.

टोप्यांचं सोपं आहे. कवचाच्या बुडातल्या खळग्यात जुनी काजळी साचलेली असते. अर्विडच्या डाव्या हाताच्या खणात लाकडी मुठीचं एक छोटं खरवडणं असेल, ते प्रत्येक खळग्यात दोनदा फिरव. कवच धरणारी खाच पण साफ कर, तिथं कचरा असला की टोपी वाकडी जाते. मग नुसत्या अंगठ्याच्या जोराने बसेल. बुडाच्या किंचित आत गेली पाहिजे.

दारू मोजायच्या अर्विडच्या काट्याला हात लावू नकोस. मी माझा पाठवतो आहे, पार्सल उद्या निघेल. सोबत तपासायचं वजन आहे. माझ्याकडे दोन आहेत. माझाच वापर. का ते विचारू नकोस.

हॅल्वर

—

एकलाका
४ ऑक्टोबर

हॅल्वर,

तुझा काटा पोचला. मोज्यांत गुंडाळून पाठवलास, मोजे धुतलेले होते याबद्दल आभार.

'का ते विचारू नकोस' हे वाक्य मला फार लागलं. पन्नास वर्षं मी या घराचं दूध, लोणी, साबण, औषधं मोजते आहे. मला वाटलं, या गृहस्थाला वाटतंय की म्हातारीला काटा वाचता यायचा नाही. रागाच्या भरात मी दोन्ही काटे शेजारी शेजारी मांडले. म्हटलं, बघूच काय फरक आहे ते.

फरक होता.

तुझं ते तपासायचं वजन तुझ्या काट्यावर बरोबर आलं. अर्विडच्या काट्यावर कमी भरलं. तीन वेळा पाहिलं. मग वजन काढलं, दांडीवरची दोन्ही सरकती वजनं शून्यावर आणली आणि रिकामं पारडं ठेवलं. दांडी मधोमध थांबायला हवी ना? पारडं हवेत वर गेलं. पारडंच हलकं होतं, हॅल्वर. म्हणजे त्यावर दांडी सरळ करायची तर दारू नेमाहून जास्त घालावी लागणार. दर वेळी, दर काडतुसात.

मग उठून शिवणाच्या टेबलाशी गेले आणि बटणांचा डबा उघडला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी एप्रिलात, त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मी हे टेबल आवरलं. त्याला आवडत नाही हे माहीत असून आवरलं, कारण धुळीने मशीन बिघडत होतं. पुसताना काट्याचं पारडं खाली पडलं आणि माझ्याच पायाखाली आलं. चेपलं. तो चिडेल म्हणून, चिडेल म्हणजे काय, दोन दिवस गप्प बसेल म्हणून, मी दुसरं शोधलं. लिलावातून त्याने कधीतरी आणलेल्या सामानात तसाच एक जुना काटा होता, त्याच बनावटीचा. त्याचं पारडं काढलं आणि इथं लावलं. दिसायला तंतोतंत तेच. मला काय ठाऊक, पारडं आपापल्या काट्याचंच असतं म्हणून. मला वाटलं, बशी ती बशी. चेपलेलं पारडं बटणांत टाकलं.

आज ते काढलं, अंगठ्याने जमेल तेवढं सरळ केलं आणि अर्विडच्या काट्यावर ठेवलं. दांडी शून्यावर येऊन थांबली. जराही हलली नाही.

तर काय चुकलं होतं ते मला सापडलं. त्याने शोध म्हणून सांगितलं होतं आणि सगळा वेळ ते माझ्या बटणांच्या डब्यात होतं. त्याचा डोळा मी घेतला. डोळा गेल्यावर तो बाहेर पडेना, बाहेर पडेना म्हणून छाती भरत गेली, आणि मार्चमध्ये न्यूमोनियाने नेला. हे सगळं एका पारड्यापायी. दोन दिवसांचा अबोला नको म्हणून.

सिग्ने रोज चारला बस लावून घरी येते आणि विचारते, "आई, कुठवर आलं?" मी म्हणते, दारू मोजायची राहिली आहे. तिला काय सांगू ते तू सांग. तुझ्याशिवाय मला विचारायला कोणी उरलेलं नाही.

मी फार थकले आहे.

मर्ना

—

बफेलो
९ ऑक्टोबर

प्रिय मर्ना,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. तीन शेगडीत गेली.

तू एकटीने घेऊ नकोस. माझं ऐकून घे आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

गेल्या सप्टेंबरात अर्विडचा डबा आला. मी पाच उडवली नाहीत. दोन उडवली. पहिल्याला बोल्ट घट्ट लागला. दुसऱ्याला तो उघडेचना, लाकडाचा ठोकळा मारून उघडावा लागला. टोपी बुडाशी पार सपाट झाली होती, म्हणजे दाब फारच जास्त. मी घरी आलो, उरलेली अठरा उकलली आणि प्रत्येकातली दारू माझ्या काट्यावर घातली. प्रत्येकात जास्त, आणि सगळ्यांत सारखीच जास्त. माझ्यावरच विश्वास बसेना म्हणून तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजत होतो. दारू नंतर बागेत पसरून टाकली.

डब्यावरच्या चिठ्ठीवर त्याने साल घातलं होतं १९८३.

मर्ना, पारड्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. तीस वर्षं काट्याने दगा दिला नव्हता. मला वाटलं, तोच गेला. डोक्याने. बाबांचं तसंच सुरू झालं होतं, तुला आठवत असेल, आधी तारखा गेल्या, मग कुंपणाची फाटकं, मग घरचा रस्ता. एकाहत्तर साली त्यांच्या हातातून रायफल मी घेतली. अर्विड बाहेर गाडीत बसून राहिला, त्याच्याने आत येववेना. बाबांनी मला काही म्हटलं नाही. नुसती दिली. त्यानंतर दोन वर्षं शेगडीपाशी बसले आणि माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, मरेपर्यंत. तेच मला अर्विडशी पुन्हा करायचं नव्हतं.

म्हणून मी कार्ड लिहिलं. 'नेहमीसारखीच. पाचही एका बशीत.' मनात म्हटलं, या हंगामात तो जुन्या डब्यातलीच वापरेल, नाताळला येईन तेव्हा समोर बसून बोलू. मग नोव्हेंबरात तुझा फोन आला, आणि त्या दिवशी मात्र मला सगळं ऐकू आलं.

तू लिहिलंस की त्याला बोल्ट घट्ट लागला होता आणि त्याने माझं कार्ड वाचून मनगटाला दोष दिला. ते वाचल्यापासून मी नीट जेवलेलो नाही. तुझी चूक अजाणता झाली. मी समजून उमजून खोटं लिहिलं. पारडं बदललं तू, पण तो थांबला असता आणि माझ्या कार्डाने त्याला पुढे जाऊ दिलं.

माझ्याकडे दोन काटे नाहीत. पाठवला तो एकच, कारण भ्रमात अर्विडने त्याचा काटा कसा लावून ठेवला असेल याची मला भीती होती. नोव्हेंबरपासून मी एकही काडतूस भरलेलं नाही.

सिग्नेला हे पत्र दाखव.

हॅल्वर

—

बफेलो
२७ ऑक्टोबर

मर्ना,

हंगाम उघडून चार दिवस झाले. तुझं पत्र नाही. मी रोज टपालपेटीपर्यंत जातो, कुत्र्यालाही आता वेळ कळली आहे.

शिव्या दे, पण एक ओळ लिही. सिग्ने गेली का? काय घेऊन गेली? ती अकरा अजून कुलपात आहेत ना?

हॅल्वर

—

एकलाका
६ नोव्हेंबर

हॅल्वर,

तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि आठवडाभर त्या डब्यातलं पीठ वापरलं नाही. सिग्नेने विचारलं, "आई, पाव करणं सोडलंस का?" त्या दिवशी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी माझी, मग तुझी. ती बसचा कोट घालूनच ऐकत होती.

तुझ्यावर मी इतकी चिडले की स्वतःवर चिडायचं राहून गेलं. काही दिवस बरं वाटलं त्याने, खोटं कशाला बोलू. पण मग पुन्हा दोन्ही एकत्र आलं.

एक तुला सांगितलंच पाहिजे. अर्विडचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. जायच्या दोन दिवस आधी त्याने मला पत्त्यांत हरवलं आणि कोणती पानं टाकून मी चुकले तेही सांगितलं. १९८३ लिहिलं कारण त्याचा चष्मा फुटला होता आणि तो माझा घालून बसला होता. त्या महिन्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या तशाच आहेत. मी आज पाहिल्या, एकीवर तर १९३३ आहे. तेव्हा तो जेमतेम अकराचा होता.

तू नुसतं विचारलं असतंस, हॅल्वर. "अर्विड, जास्त भरलीस का रे?" एवढंच. तो रागावला असता, तणतणत या टेबलाशी आला असता, काटा शून्यावर लावला असता आणि पाच मिनिटांत पारडं हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला असता. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नसता. ते दोन दिवस मी आता काय वाट्टेल ते देऊन घेईन.

सिग्नेचं म्हणणं वेगळं आहे. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "बाबा मला लहानपणापासून शिकवायचे, बसलीस की आधी शून्य बघ, मग बाकीचं. त्या दिवशी त्यांनी स्वतः बघितलं नाही. तुम्ही तिघं चुकलात, आई. आणि डोळा एकच होता." मग कोट काढला आणि बटाटे सोलायला बसली.

आता काय केलं ते सांगते. अकराच्या अकरा उकलली, दारू तुझ्यासारखीच बागेत. लिलावातलं ते हलकं पारडं हातोड्याने सपाट केलं, पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको. तुझ्या काट्यावर चाळीस काडतुसं भरली. दर पाचाला शून्य पाहिलं. पहिलं उडवलं तेव्हा रायफल ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधली, चापाला दोरी लावली आणि आम्ही दोघी ट्रकमागे वाकून बसलो. सिग्नेने दोरी ओढली. मी जाऊन बोल्ट उचलला. करंगळीने उघडला. मी तिथंच गवतात बसून रडले आणि तिने मला रडू दिलं.

हंगाम उघडला त्या दिवशी ती गेली नाही, मीच म्हटलं, आठ दिवस थांब, अजून थोडी उडवून बघ. गेल्या रविवारी गेली. एक गोळी, एक मादी, ओहोळाच्या पलीकडे. मांस शेजारच्या थोर्सनबाईंना दिलं, उरलेल्याचे सॉसेज केले. बापाची रायफल तिने स्वतः पुसली आणि स्वतःच्या खोलीत ठेवली. मी दिलेला शब्द पाळला गेला.

तुला माफ केलं का, ते मला माहीत नाही. स्वतःला अजून केलेलं नाही. तुझा नंबर माझ्यानंतर. पण सप्टेंबरात या घरातून तुझ्याकडे डबा जायचा, या वर्षी गेला नाही, आणि ते मला बघवत नाही. पार्सलवाल्याच्या गाडीने वीस पाठवते आहे. मी भरलेली आहेत. दुसऱ्याने भरलेली घालायची नाहीत हा नियम मला माहीत आहे, तुझ्या मर्जीवर सोडते. भिंतीवरचं तुझं जुनं कार्ड काढून टाकलं आहे. जागा रिकामी आहे.

डब्यात कार्ड ठेवलंय. पाच उडवून कळव. या वेळी खरं लिही.

मर्ना

—

(कार्डावर, मोठ्या अक्षरात)

१९ नोव्हेंबर

मर्ना,

पाच उडवली. बोल्ट बोटाने उघडतो. टोप्या जशाच्या तशा. काडतुसांत खोट नाही, अर्विड भरायचा त्यांच्याइतकीच चांगली.

तीन कागदाला लागली, दोन कुठे गेली ते माहीत नाही. मला नीट दिसत नाही. वर्ष झालं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

उरलेली पंधरा परत पाठवतो आहे, सोबत माझी रायफल. कोणी मागायला आलेलं नाही. मीच देतो आहे. सिग्नेला सांग, दोन्ही जवळ जवळ ठेव.

हॅल्वर